एक्केचाळीस नंबरची शीट

साइटवर त्याला सगळे वैद्य म्हणायचे. औषधाशी त्याचा संबंध खोकल्याच्या बाटलीपुरता, आणि तीही तो अर्धी पिऊन फळीवर विसरायचा. पण जो माणूस लोखंडाची नाडी बघतो त्याला दुसरं काय म्हणणार?

ही नाडीची भानगड आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढे अडखळायला नको. भरवस्तीत खोल खड्डा खणायचा म्हटलं, की बाजूची माती आत यायला टपून बसलेलीच असते. तिला जागा दिसली की ती आलीच, आमंत्रण लागत नाही. शेजारी घर असेल तर ते घरही तिच्यामागून येतं. म्हणून खणण्याआधी खड्ड्याच्या चारी बाजूंना पोलादाचे लांबच लांब, पन्हाळीसारखे पत्रे जमिनीत उभे उतरवतात. त्यांना म्हणतात शीट. एकेक शीट बारा मीटर उंच आणि वजनाला दोन म्हशींच्या बरोबरीची. तिच्या दोन्ही कडांना दुमड असते. एकीच्या दुमडीत दुसरीची दुमड वरून ओवायची, याला लॉक म्हणतात. दोन्ही हातांची बोटं आकड्यासारखी वाकवून एकमेकांत अडकवा आणि ओढून बघा, अगदी तसं. मग क्रेनला टांगलेला हातोडा शीटचं डोकं चिमट्यात पकडतो. नाव हातोडा, पण हा मारत नाही, थरथरवतो. असा थरथरवतो की शीट आपल्याच वजनानं मातीत उतरत जाते, आणि आसपासच्या चार घरांतल्या बशा एकमेकींशी गप्पा मारायला लागतात.

वरून सगळं छान दिसतं. घोळ होतो तो खाली, जिथं कुणाची नजर पोचत नाही. एखादा धोंडा लागला, कुणा काळचा गाडलेला पाइप लागला, की शीटचं टोक बाजूला सरकतं, शेजारणीच्या लॉकमधून निसटतं आणि एकटंच खाली जातं. वर गळ्यात गळा आणि खाली फट. मग खड्डा खणला की त्या फटीतून पाणी येतं, पाण्याबरोबर वाळू येते, आणि वाळू गेली की शेजारच्या घराखाली उरतो तो नुसता भोपळा.

वैद्य काय करायचा, तर हातोडा चालू असताना शेजारच्या, आधी उतरलेल्या शीटच्या पाठीवर उजवा तळहात ठेवायचा. लॉक खालपर्यंत धरलेलं असलं की ती शेजारीणही थरथरायची, पण जड, भरल्या पिंपासारखी. लॉक सुटलं की तीच थरथर पोकळ व्हायची, रिकाम्या डब्यासारखी. हा फरक त्याला कळायचा, बाकी कुणाला कळायचा नाही. वीस आकडे मोजायचे, मग क्रेनकडे बघून अंगठा वर. अंगठा आडवा झाला की शीट उपटून परत.

त्याचं हे नाव पडलं एका पुलाच्या कामावर. तिथले साहेब मोठे मिशीवाले, कागदावर फार विश्वास. वैद्यानं अंगठा आडवा केला तर साहेब हसायला लागले. म्हणाले, "अरे, तुझ्या हाताला कळतं आणि माझ्या नकाशाला कळत नाही?" वैद्यानं क्रेनला खूण केली, तो तेव्हाही फार बोलायचा नाही. शीट उपटली. तिचं टोक सुताराच्या रंध्यातून निघालेल्या ढलपीसारखं गोल गोल वळलेलं. साहेबांच्या मिशा जागच्या जागी थिजल्या. "हा फोरमन आहे की वैद्य?" एवढंच ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवसापासून साइटवरचा स्वयंपाकी भाताच्या पातेल्यावर त्याचा हात ठेवून विचारायला लागला, "वैद्यबुवा, शिजला का हो?"

क्रेनवर बसायचा त्याचा मेव्हणा, बायकोचा धाकटा भाऊ. चौदा वर्षं दोघं बरोबर. एक वर काचेच्या खोलीत, एक खाली चिखलात. दिवसभरात दोघांत बोलणं होई ते सगळं हातानं. एखाद्या दिवशी घरी जाताना तोंडानं बोलायची वेळ आली की दोघंही अवघडायचे.

आणि ती, जी एकाची बायको आणि दुसऱ्याची ताई, तिला जाऊन आठ महिने झाले होते.

वैद्यानं काय केलं म्हणाल, तर काहीच केलं नाही. पंधराव्या दिवशी कामावर गेला. रडला नाही, कुणावर चिडला नाही. पुढ्यात आलं ते खाल्लं. त्याला सगळं जरा लांबून ऐकू यायचं, कानात पाणी गेल्यावर येतं तसं. भाजीत मीठ नसलं तरी कळायचं नाही, असलं तरी कळायचं नाही. पूर्वी कामावर तो कडक इस्त्रीचा शर्ट घालायचा, साइटवर त्याबद्दल त्याची चेष्टा व्हायची. आता तो गोल गळ्याचे सदरे डोक्यातून चढवून निघायचा. लोकांना वाटलं, माणसाचं लक्ष उडालंय. त्यालाही तेच वाटलं. कुणी विचारलंच, "कसं काय वैद्य?" तर म्हणायचा, "काही जाणवत नाही." लोक मान हलवायचे. ज्याची बायको गेली त्यानं आणखी काय सांगायचं?

नवं काम होतं पाण्याच्या पंपघराचं. जमिनीखाली सात मीटर खड्डा, चारी बाजूंना मिळून शहाण्णव शीट. खड्ड्याच्या एका कडेपासून तीन पावलांवर इस्त्रीवाल्याचं दुकान आणि त्याच्यावर त्याचं घर. घरात बायको, दोन लेकी आणि एक बहिरी सासू. हातोड्याचा तिला एकटीलाच त्रास नव्हता. इस्त्रीवाला मात्र सहा आठवडे तोंड वाजवत होता. हातोडा सुरू झाला की त्याची इस्त्री टेबलावरून आपोआप चालू लागायची.

"वैद्यबुवा," तो दारातून ओरडायचा, "माझी इस्त्री पळून चाललीय तुमच्या हातोड्याबरोबर! लग्न तरी लावून द्या दोघांचं!"

सगळे हसायचे. वैद्य शीटवर हात ठेवून वीस मोजत असायचा. मोजून झालं की अंगठा वर, क्रेनला आणि भिंत पक्की ना म्हणून विचारणाऱ्या इस्त्रीवाल्यालाही.

असे शहाण्णव अंगठे झाले. खड्डा दीड मीटर खणला, शीटना आतून आडवे गर्डर लावले, टेकू दिले. दुसऱ्या दिवशी पोकलेन खाली उतरून खरी खोदाई सुरू करणार आणि हातोडा दुपारच्या ट्रेलरवर चढून दुसऱ्या गावाला जाणार, असं ठरलं. त्या संध्याकाळी वैद्य वेळेवर घरी आला आणि त्यानं दूध तापत ठेवलं.

घरात तो आणि त्याची मुलगी. मुलगी चष्म्याच्या दुकानात होती. दिवसभर लोकांना "आता बरं दिसतंय का, की आता?" असं विचारायची आणि घरी आली तरी तिची ती सवय जात नसे. ती पर्स ठेवून स्वयंपाकघरात आली तेव्हा बाबा ओट्यापाशी उभे, दूध उतू जाऊन शेगडीवर चरचरतंय, आणि बाबांनी ते पातेलं नुसत्या हातानं कडेला धरलंय. उचललंही नव्हतं, नुसतं धरलं होतं, कपडा कुठे आहे ते बघत.

"बाबा! सोडा ते!"

"काय झालं?"

"हात! हात बघा तुमचा!"

त्यानं सोडलं. चारही बोटांवर पांढरे पट्टे उठले होते. तिनं नळाखाली त्याचा हात ओढून धरला आणि तोंडानं चालूच, "लक्ष कुठं असतं तुमचं? एवढे चटके बसताना माणूस ओरडतो तरी!"

"कळलं नाही गं."

"कळलं नाही म्हणजे?"

"मन थाऱ्यावर नाही. दुसरं काय."

तिनं नळ बंद केला. मग तिनं त्याला खुर्चीत बसवलं, म्हणाली, "डोळे मिटा," आणि स्वतःच्या कानातलं काढून त्याची दांडी त्याच्या डाव्या मनगटावर टोचली.

"आता?"

"टोचलं."

"आता?"

"टोचलं. काय चाललंय हे?"

"आता?" ... "आता?" ... "बाबा, आता?"

"टोच की मग. नुसतं विचारतेस काय."

"मी मघापासून टोचतेय बाबा," ती म्हणाली.

त्यानं डोळे उघडले. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब उभा होता, डाळिंबाच्या दाण्याएवढा. तो त्याच्याकडे असा बघत राहिला, जसा काही तो कुणा दुसऱ्याच्या बोटाचा आहे.

दुसऱ्या कुणाला अशा वेळी आधी हाताची काळजी वाटली असती. वैद्याच्या मनात आधी आली ती शीट. कुठली एक नव्हे, शहाण्णवच्या शहाण्णव, ओळीनं उभ्या. त्यानं आठवायचा प्रयत्न केला की या साइटवर एकदा तरी थरथर जड होती की पोकळ हे त्याला कळलं होतं का. हात ठेवलेला आठवत होता. वीस मोजलेले आठवत होते. अंगठा आठवत होता. मधलं काहीच आठवत नव्हतं, कारण मधे काही नव्हतंच. बायको गेल्यापासून सगळंच लांबून येतंय, तशीच ही थरथरही लांबून येत असेल, असं धरून तो चालला होता. दुःखाच्या गाठोड्यात त्यानं आपला हातही बांधून टाकला होता आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

मुलगी म्हणाली, "उद्या डॉक्टर."

"उद्या खोदाई आहे," तो म्हणाला.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी साइटवर पोचला. इस्त्रीवाल्याच्या बाजूला, जिथं पस्तीस ते पन्नास नंबरच्या शीट होत्या, तिथं गुडघे टेकून त्यानं शीटच्या डोक्यावर गाल टेकला. हाताला कळत नाही तर गालाला कळेल, असा हिशेब. पण हातोडा बंद, शीट गप्प. गालाला फक्त गार लागलं.

"अहो वैद्यबुवा!" इस्त्रीवाला दात घासत दारात उभा होता. "मुका घेताय की काय तिचा? घ्या घ्या, आम्ही तिकडं तोंड करतो!"

वैद्य उठला. गालाला गंज लागला होता. त्यानं एकदा इस्त्रीवाल्याकडे बघितलं, एकदा वरच्या खिडकीकडे. खिडकीत ती बहिरी सासू ओले टॉवेल वाळत घालत होती.

"घरात किती जण असता हो तुम्ही?" त्यानं विचारलं.

"पाच. का? पाहुणे म्हणून येताय का राहायला?"

"नाही," वैद्य म्हणाला आणि क्रेनकडे चालू लागला.

मेव्हणा नुकताच येऊन काच पुसत होता. वैद्य शिडीशी उभा राहून म्हणाला, "हातोडा चढवायच्या आधी एकदा लाव. एक्केचाळीसवर लाव, नाहीतर कुठंही लाव."

"कशाला दाजी? शीट तर सगळ्या झाल्या. ट्रेलर येतोय बारापर्यंत."

"गालानं बघायचंय."

मेव्हण्याच्या हातातलं फडकं थांबलं. "गालानं?"

"हात गेलाय माझा. टोचलं तरी कळत नाही. काल पोरीनं दाखवलं." आणि त्यानं उजवा हात वर धरला, बोटांना गुंडाळलेल्या पट्टीसकट. "मी या साइटवर एक शीट तपासलेली नाही. नुसता हात ठेवून उभा होतो."

मेव्हणा शिडी उतरून खाली आला. खालच्या पायरीवर बसला.

"एक्केचाळीसच का म्हणालात?" त्यानं विचारलं.

"सहज तोंडात आलं. इस्त्रीवाल्याच्या बरोबर मधोमध आहे म्हणून."

"एक्केचाळीस लोण्यात सुरी गेल्यासारखी गेली," मेव्हणा म्हणाला. "आधी अडली, मग एकदम गेली. शेवटचे आठ मीटर मला हातोडा आवरावा लागला. मला खटकलं होतं. मी खाली बघितलं, तर तुमचा अंगठा वर."

"मग?"

"मग काय दाजी? तुमचा अंगठा वर होता. तुमच्या अंगठ्यापुढं मी कोण?"

मागं पोकलेनवाल्यानं इंजिन चालू केलं. ते घरघरायला लागलं तसा वैद्य म्हणाला, "चल, मॅडमकडं."

मॅडम म्हणजे साइटच्या इंजिनिअर, तिशीच्या आतबाहेर, पत्र्याच्या केबिनमध्ये बसायच्या. टेबलावर नकाशे उडू नयेत म्हणून त्यांनी चार नट ठेवलेले. वैद्याला त्या काका म्हणायच्या. त्यांनी सगळं ऐकलं. ऐकून झालं तशा उठल्या, दारातून पोकलेनवाल्याला मोठ्यानं "बंद कर!" म्हणाल्या, तो बंद होईपर्यंत थांबल्या, आणि परत येऊन बसल्या. वहीत प्रत्येक शीटपुढं वैद्याची सही होती. ती पानं त्यांनी त्याच्यापुढं उलटी केली.

"काका, मला एकच सांगा. कधीपासून?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"बायको गेली तेव्हापासून असेल. आठ महिने."

"म्हणजे या आधीच्या साइटच्या शीट त्याच्या आधी, तुमच्या चांगल्या हातानं उतरल्या?"

"हो."

"नाही," मेव्हणा दारातून म्हणाला.

दोघांनी त्याच्याकडं बघितलं. मेव्हणा केबिनमध्ये यायला तयार नव्हता, उंबऱ्यावरच उभा होता.

"ताई गेली त्याच्याआधी वर्षभर तरी," तो म्हणाला. "दाजी, तुमच्या शर्टाची बटणं कोण लावायचं?"

"ती लावायची."

"का?"

"का म्हणजे? तिला आवडायचं."

"तुमच्या बोटांना बटण सापडायचं नाही म्हणून लावायची. अंथरुणाला खिळली तरी तुम्हाला जवळ बोलावून लावायची. मला म्हणाली होती ती. म्हणाली, यांना सांगू नकोस, हात हेच त्यांचं सगळं आहे. तू वर असतोस, तू नजर ठेव."

"मग?"

"मी ठेवली होती की थोडे दिवस. मग ती गेली. मग माझंही कुठं ध्यान होतं." तो बाहेर वळला आणि उगाचच बुटाचा चिखल उंबऱ्याला घासत राहिला.

वैद्य खुर्चीत बसला होता. त्याला आता काहीतरी व्हायला हवं होतं, हे त्याला समजत होतं. सकाळी त्याच्यापुढं उभं राहून, खालून वर, एकेक बटण लावत जाणारी ती, शेवटच्या दिवसांत उशीला टेकून, मधे दम घेत लावणारी ती, हे सगळं त्याला स्पष्ट दिसलं. तेव्हा तो घड्याळाकडे बघत असायचा. "झालं का गं? गाडी जाईल," म्हणायचा. ती म्हणायची, "थांबा, कॉलर वाकडी आहे." कॉलर कधी वाकडी नसायची. हे त्याला दिसलं, आणि दिसूनही आत काही हललं नाही. पाण्यात बुडालेल्या माणसाला काठावरची गर्दी दिसावी तसं दिसलं.

"मग आधीची साइटही लिहा," तो म्हणाला. "काम संपलं तशा तिथल्या शीट काढून झाल्यात, पण लिहा."

मॅडमनी लिहून घेतलं. मग त्यांनी पुढचं भराभर ठरवलं. हातोडा जाणार नाही. इस्त्रीवाल्याच्या बाजूचं दीड मीटर आतून पुन्हा मातीनं भरायचं. बाहेरच्या अंगानं, त्याच्या दुकानापुढून, एक्केचाळीसच्या मागं पाच शीटची दुसरी ओळ उतरवायची. बाकीच्या शीटचं मेव्हण्याच्या आठवणीप्रमाणं एकेक बघायचं. कुठली अडली, कुठली सुळकन गेली, ते सगळं त्याच्या डोक्यात नंबरवार होतं. आणि तोवर दुकान आणि घर रिकामं.

"इस्त्रीवाल्याला मी सांगते," मॅडम म्हणाल्या.

"नको," वैद्य म्हणाला. "अंगठा माझा होता."

इस्त्रीवाल्यानं आधी चेष्टाच समजली. मग त्याच्या तोंडचं पाणी पळालं. मग तो असा काही भडकला की शेजारचे दुकानदार बाहेर आले.

"सहा आठवडे! सहा आठवडे मी रोज विचारलं, वैद्यबुवा, भिंत पक्की ना? तुम्ही रोज मला हा अंगठा दाखवलात! माझ्या पोरी तिथं वर झोपतात!"

"हो," वैद्य म्हणाला.

"हो काय हो? नुसतं हो?"

"काय म्हणू?"

"काहीतरी म्हणा! रडा तरी! मी इथं ओरडतोय आणि तुम्ही उभे आहात खांबासारखे!"

वैद्य खांबासारखाच उभा राहिला. तेवढ्यात बहिरी सासू जिन्यावरून खाली आली, काय चाललंय ते तिला कळेना, पण माणसं आली आहेत म्हणून तिनं दोन खुर्च्या बाहेर काढून ठेवल्या. त्यावर इस्त्रीवाल्याला एकदम हसू आलं, आणि रागाच्या भरात हसू आल्याचा त्याला आणखी राग आला. शेवटी "चला, धरा ते कपाट," एवढंच तो म्हणाला. वैद्यानं एका बाजूनं कपाट धरलं. बोटं भाजलेली होती. दुखत नव्हती.

आठ दिवस इस्त्रीवाल्याचं घर त्याच्या मेहुणीकडं होतं. या आठ दिवसांत वैद्य डॉक्टरकडं जाऊन आला. डॉक्टर म्हणाले, वर्षानुवर्षं थरथरत्या यंत्रावर हात ठेवून बोटांच्या नसा गेल्या, आहे तेवढं टिकवा, गेलेलं येणार नाही. मुलीनं बाहेर येऊन विचारलं, "वाईट वाटतंय का बाबा?" तो म्हणाला, "समजतंय." बसमध्ये तिनं त्याचा डावा हात धरला, कारण तो अजून जागा होता.

बाहेरची ओळ उतरली. या वेळी खाली मॅडमनी दुसऱ्या साइटवरून मागवलेला एक फोरमन होता, आणि शेजारच्या शीटला चिकटवलेलं एक काळं यंत्र, त्याचा आकडा तो मोठ्यानं वाचायचा. वैद्य लांब, वाळूच्या ढिगाशी उभा राहून बघायचा. एकदा मेव्हण्यानं सवयीनं काचेतून त्याच्याकडंच बघितलं आणि थांबला. वैद्यानं हात खिशात घातले. तेव्हा मेव्हण्यानं मान वळवून त्या नव्या फोरमनकडं बघितलं.

मग खोदाई झाली. पाचव्या मीटरला पोकलेनचा दात एक्केचाळीसपाशी पोचला आणि मॅडमनी ती हातानं उकरायला लावली. खाली चार माणसं होती. थोड्या वेळानं त्यातला एक वर बघून म्हणाला, "मॅडम, आहे."

वैद्याला बोलावलं. तो शिडीनं उतरला. एक्केचाळीस नंबरची शीट चाळीसपासून सुटून तिरकी गेली होती. खाली जाईल तशी फट वाढत गेली होती, आणि खणलेल्या तळाशी ती आडव्या तळव्याएवढी होती. फटीमागं ओली, राखी रंगाची वाळू दाबून बसलेली आणि तिच्यामागं बाहेरच्या ओळीचं नवं पोलाद. वाळूतून पाण्याची एक बारीक धार येत होती आणि बाहेरची ओळ नसती तर ती बारीक राहिली नसती, हे तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना कळत होतं. एकानं वर इस्त्रीवाल्याच्या भिंतीकडं बघितलं आणि पटकन नजर काढून घेतली.

ते सगळे फटीकडं बघत नव्हते, वैद्याकडं बघत होते, त्याला काय होतंय ते बघायला. तो पुढं झाला आणि त्यानं आपला उजवा हात त्या फटीत घातला. मनगटापर्यंत गेला. ओलं असेल, गार असेल. तो तसाच थोडा वेळ उभा राहिला.

"काका?" मॅडम म्हणाल्या.

"बसतोय हात," तो म्हणाला. "आरामात बसतोय." मग हात काढून, पँटला पुसून, तो वर गेला. वेल्डर खाली उतरला आणि त्यानं फटीवर प्लेट मारायला घेतली.

इस्त्रीवाल्याचं सामान परत येत होतं. तेच कपाट, त्याच दोन खुर्च्या. त्यानं वैद्याला बघितलं आणि गाडीवरून उतरला. आठ दिवसांत त्याचा राग उतरला होता की नाही सांगता येत नाही, पण त्याच्या हातात पोरींची दप्तरं होती आणि पोरी मागं उभ्या होत्या. त्यामुळं तो हळू बोलला.

"झालं का सगळं? पक्की आता?"

वैद्यानं क्रेनकडं बोट केलं. "ते आहेत ना वर, माझे मेव्हणे. त्यांना विचारा. नाहीतर मॅडमना."

"तुम्ही सांगा ना. तुम्ही खाली जाऊन आलात आत्ता."

"मी नाही सांगणार," वैद्य म्हणाला.

इस्त्रीवाला दप्तरं खाली ठेवून क्रेनपाशी गेला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून वर ओरडला. मेव्हण्यानं काच सरकवली, डोकं बाहेर काढलं आणि कुठल्या शीटचं काय झालं ते सगळं, पहिल्या शीटपासून, नंबरवार सांगायला लागला. सांगायला त्याला बराच वेळ लागला. वैद्य तिथंच, पोरींच्या दप्तरांजवळ उभा राहिला, त्यांच्यावर पाय पडू नये म्हणून.